परदेशातल्या माणसाला मनाचा आधार: सीमाभागातल्या मराठी घरांनी साखळी कशी बांधावी

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागतो. "जेवलास काय?" "व्हय." "बरा हाईस न्हवं?" "बरा हाय की." मग फोन आजीच्या हातात, मग पुतण्याच्या, आणि पाचव्या मिनिटाला "ठेवतो" म्हणून संपतो. या कॉलमधून काही कळत नाही आणि कळणारही नाही. तिकडे एका खोलीत सहा-आठ खाटा, बोलणं सगळ्यांच्या कानावर. इकडे कट्ट्यावर शेजारपाजारचे बसलेले. एजंटला दिलेले पैसे पतसंस्थेतून काढलेले, हप्ता महिन्याच्या महिन्याला. अशात "चार रात्री झोप लागंना" हे कोण कुणाला सांगणार?

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, भालकी या पट्ट्यातून बाहेर गेलेल्या माणसाची अडचण आणखी एका पदराची आहे. घरात मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये, कामावर हिंदी नाहीतर इंग्रजी. दुखणं मराठीत होतं आणि डॉक्टरला सांगायचं तिसऱ्याच भाषेत. म्हणून नुसता समुपदेशकाचा नंबर ग्रुपवर टाकून भागत नाही. तो नंबर कुणी लावत नाही. परदेशात गेलेल्या प्रत्येकामागे दोन माणसं नेमलेली असली, एक तिथल्या शहरात आणि एक आपल्या तालुक्यात, आणि त्या दोघांचं एकमेकांशी थेट बोलणं असलं, तरच आधार वेळेवर पोचतो. एकच टोक असलेली साखळी ऐन वेळी तुटते. तिकडच्याला घरचं माहीत नसतं आणि इकडच्याला तिकडचं दार माहीत नसतं.

माणसं कोण असावीत

तिकडचं टोक म्हणजे गाडीने तासाभरात दारात उभा राहू शकेल असा माणूस. तो त्याच कंपनीतला नसावा, कारण कामावरची गोष्ट मुकादमापर्यंत जायला वेळ लागत नाही. त्याच खोलीतलाही नको. आणि ज्याच्याकडून हातउसने घेतलेत, तो तर मुळीच नको.

इकडच्या टोकासाठी लोक सवयीने आईवडिलांचं नाव देतात. ते टाळा. मुलगा आईपासून लपवतो आणि आई गावापासून लपवते, त्यामुळे दोन्हीकडून खबर अडते. निवृत्त शिक्षिका, सरकारी दवाखान्यात नोकरी केलेली नर्स, सोसायटीचा सेक्रेटरी, समजूतदार मावशी किंवा मामा चालतील. तीन गोष्टी बघा: घरात कधीही जाता येतं का, कन्नड कागद वाचता येतो का, आणि ऐकलेलं पोटात राहतं का. तिसरी नसली तर पहिल्या दोन्हींचा उपयोग नाही. एका माणसाकडे पाच-सहापेक्षा जास्त नावं देऊ नका. पंचवीस-तीस जणांच्या साखळीला घरच्या बाजूला पाच-सहा माणसं पुरतात.

जाणाऱ्याने विमानात बसायच्या आधी एक पानाचा कागद भरावा. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं. गावाचं नाव दोन्ही प्रकारे, कारण २०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदलण्याआधीच्या कागदांवर 'बेळगाम' आहे आणि नंतरच्यांवर 'बेळगावी', आणि तिकडच्या दवाखान्यातला कारकून ती दोन वेगळी गावं समजतो. कंपनीचं नाव, तिकडचा राहण्याचा पत्ता (इमारत, मजला, खोली), विम्याच्या कार्डाचा नंबर, चालू गोळ्यांची मूळ औषधांची नावं, ॲलर्जी. मग दोन ओळी: काही झालं तर कुणाला कळवायचं आणि कुणाला कळवायचं नाही. दुसरी ओळ लोक रिकामी सोडतात, पण सगळ्यात जास्त कामाची तीच. "वडिलांना सांगू नका, हार्टचा त्रास आहे" किंवा "सासरी आधी कळवू नका" हे शांत डोक्याने आधीच लिहून ठेवलेलं असलं, की त्या रात्री वाद होत नाही. कागदाची एक प्रत दोन्ही टोकांकडे, तिसरी कुठेही नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच.

तिकडे माणसं शोधायची कुठे

सगळ्यात भरवशाचा धागा कॉलेजचा. बेळगावच्या इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग कॉलेजांचे माजी विद्यार्थी बहुतेक मोठ्या शहरांत सापडतात, आणि त्यांच्या याद्या गावाच्या यादीपेक्षा नीट ठेवलेल्या असतात. फाउंड्री आणि मशीन शॉपमधून गेलेले फिटर-टर्नर मात्र अशा यादीत नसतात. त्यांच्यासाठी आयटीआयचे जुने मास्तर आणि ज्याच्याकडून व्हिसा झाला तो एजंट, या दोघांकडे विचारा. एजंट आवडो न आवडो, कोण कुठल्या कामगारांच्या कॅम्पात आहे हे त्याला ठाऊक असतं.

दुसरा धागा मंडळांचा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. आखातातल्या मोठ्या शहरांतही मराठी मंडळं आहेत. तिथे गेल्यावर सीमाभागातल्या माणसाला एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही कर्नाटकातले ना, मग मराठी इतकं छान कसं?" आणि कन्नड संघात गेलं तर उलटा प्रश्न. पहिल्याच भेटीत हे ऐकून पुष्कळजण परत फिरतात आणि एकटे पडतात. सल्ला सरळ आहे: दोन्हीकडे नाव घाला. गणपती मराठी मंडळात, उगादीचं जेवण कन्नड संघात. डॉक्टर, नर्स, वकील दोन्हीकडे असतात, आणि रात्री दोनला बेळगावची भाषा समजणारा माणूस दुसऱ्याच यादीतून निघण्याची शक्यता बरीच असते.

याच कारणाने साखळीत एक नियम पहिल्या दिवशीच ठरवून टाकावा: सीमाप्रश्न इथे नाही. १ नोव्हेंबर (राज्योत्सव आणि काळा दिवस) आणि १७ जानेवारी (सीमालढ्याचा हुतात्मा दिन) या दोन तारखांना ग्रुप फक्त ॲडमिन लिहू शकतील असा करून ठेवा. प्रश्न महत्त्वाचा नाही असं कुणी म्हणत नाही. पण ज्याला मदत मागायची आहे तो त्या दिवशीची दोनशे मेसेजची भांडणं वाचतो आणि गप्प बसतो.

ऐकायचं कसं

आपल्याकडे कुणी "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. शब्द वेगळे असतात आणि ते कानाला ओळखीचे व्हायला हवेत. "कशात गोड वाटत नाही." "जेवान जाईना." "डोकं धरल्यागत होतंय." "छातीत धडधडतंय, डॉक्टर म्हणतोय काय नाही." "हातापायात जीवच नाही." "बेजार झालोय." यातलं 'बेजार' साध्या कंटाळ्यालाही वापरतात, म्हणून त्याच्यापुढे एक प्रश्न जोडा: "किती दिवसांपासून?" दोन आठवड्यांच्या वर उत्तर गेलं, आणि झोप-भूक-काम यांतलं काही बिघडलेलं असलं, तर तो कंटाळा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचारासाठी २०११ मध्ये तीन पायऱ्या सांगितल्या: पाहा, ऐका, जोडून द्या. साखळीतल्या माणसाचं काम एवढंच. उपचार करणं त्याचं काम नाही. जवळच्याच गोव्यात संगाथ संस्थेने हे पुढे नेऊन दाखवलंय: मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या माणसांनी सहा ते आठ भेटींत नैराश्याच्या रुग्णांना फरक पाडता येतो. यातला 'देखरेख' हा शब्द सोडू नका. पुस्तक वाचून सुरू केलेलं समुपदेशन उलटतं.

नैराश्याच्या मोजमापासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरा. मराठीत उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, बेरीज ० ते २७. १० किंवा वर गेली तर डॉक्टर, २० च्या वर गेली तर त्याच आठवड्यात. पण बेरजेपेक्षा नववा प्रश्न महत्त्वाचा आहे, मरण बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटण्याबद्दलचा. तिथे शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचं मनात येतंय काय?"

हे तोंडातून निघत नाही, हे खरं आहे. विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो अशी भीती असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं की माणूस सुटतो. विचारताना "असलं काही नाही ना तुझ्या मनात?" असं विचारू नका, त्यात 'नाही' हे उत्तर आपणच दिलेलं असतं. "व्हय" आलं तर पुढचे तीन: कसं करायचं ठरवलंय? ती वस्तू जवळ आहे काय? कधी? तिन्हींची उत्तरं तयार असतील तर खाली दिलेली रात्रीची पद्धत लगेच सुरू करा.

आणि काय बोलू नये? "अरे आम्ही बघ कसे राहिलो", "घरच्यांचा विचार कर", "देवावर सोड". घरच्यांचा विचार तो चोवीस तास करतोय, तेच तर दुखणं आहे.

पगार, कर्ज आणि झोप

आखातातल्या कामगाराच्या बाबतीत मनाचं दुखणं आणि पैशाचं दुखणं वेगळं करता येत नाही. म्हणून पहिल्या कॉलमध्ये भावना विचारून झाल्यावर चार कोरडे प्रश्न विचारा. पगार किती महिने नाही? पासपोर्ट कुणाकडे आहे? व्हिसा किंवा इकामा (तिथला राहण्याचा परवाना) कधी संपतो? घरी हप्ता किती आणि कुणाचा? शेवटचं उत्तर घरच्या टोकाने पतसंस्थेत किंवा महिला संघात जाऊन पडताळायचं. पुष्कळदा दोन हप्ते पुढे ढकलून मिळतात, आणि तेवढ्याने माणूस त्या रात्री झोपतो.

पगार अडला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार घरूनही घालता येते. अडकलेल्या, गरजू भारतीयांसाठी प्रत्येक दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. राहण्याची सोय, तातडीचे औषधपाणी, परतीचं तिकीट यांसाठी तो आर्थिक परिस्थिती बघून वापरला जातो. संयुक्त अरब अमिरातीत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा विनाशुल्क नंबर ८०० ४६३४२ आहे.

आता यातली सगळ्यात वाईट चूक. मन बिघडलेला माणूस चार दिवस खोलीतून उठत नाही, कंपनीला कळवत नाही, आणि मालक तो पळून गेल्याची नोंद करतो. सौदीत याला 'हुरूब' म्हणतात. ही नोंद झाली की साधा आजारी माणूस कायद्याने फरारी ठरतो, आणि परत यायलाही अडचण. म्हणून पहिल्याच दिवशी दवाखान्यातून आजारपणाचा दाखला घ्या, आणि कंपनीला मेसेज लेखी पाठवा, तोंडी नाही. अमिरातीच्या कायद्यात परिवीक्षा काळ (प्रोबेशन) संपलेल्याला वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा आहे, पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, उरलेले बिनपगारी. मात्र तीन कामाच्या दिवसांत मालकाला कळवावं लागतं. दाखल्यावर 'मानसिक' असं लिहिलेलं नको असेल तर झोप न लागणं, डोकेदुखी, रक्तदाब जे खरोखर असेल ते डॉक्टरला सांगा. बहुतेक वेळा ते असतंच. खोटा दाखला मात्र करू नका, तिथे तो वेगळा गुन्हा होतो.

डॉक्टर आणि समुपदेशकांची यादी

यादी छोटी ठेवा, पण प्रत्येक नाव तपासून. मनोविकारतज्ज्ञ हा एमडी किंवा तशी पदव्युत्तर पदवी घेतलेला डॉक्टर असतो, त्याची नोंद राज्याच्या वैद्यकीय परिषदेत सापडते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर मागा आणि त्यांच्या संकेतस्थळावर बघा. 'काउन्सेलर', 'लाइफ कोच' अशा पाट्यांमागे काहीही असू शकतं. त्यांना पदवी, किती वर्षं, आणि कुणाच्या देखरेखीखाली काम करता हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्यावर रागावले तर नाव खोडा.

यादीत प्रत्येकापुढे भाषा लिहा, आणि 'मराठी येतं' एवढंच नको. समजतं की बोलता येतं? धारवाड-बेंगळुरूकडचे कित्येक डॉक्टर मराठी समजतात पण कन्नडमध्ये उत्तर देतात. खानापूरच्या माणसाला ते चालून जातं, निपाणीच्या माणसाला कधीकधी नाही.

घरच्या बाजूला सरकारी सोय बऱ्यापैकी आहे आणि लोकांना ती माहीत नसते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था बेळगावपासून दीड-दोन तासांवर. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत कर्नाटकाच्या 'मनोचैतन्य' योजनेत मंगळवारी तज्ज्ञ येतात. निघण्याआधी फोन करून त्या मंगळवारी येणार आहेत ना ते विचारा, सणावारी फेरी चुकते. निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं, कारवार-खानापूरच्यांना गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था. राज्याची हद्द ओलांडताना जुने कागद घेऊन जा, नाहीतर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

टेलिमानस, नंबर १४४१६, ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, आणि भाषा निवडताना मराठी घेता येते. फक्त एक अडचण: परदेशातल्या सिमवरून असा आखूड नंबर लागत नाही. इथेच घरचं टोक कामाला येतं. इकडच्या माणसाने आपल्या फोनवरून १४४१६ लावायचा, परिस्थिती सांगायची, काय बोलायचं-काय करायचं ते विचारून घ्यायचं आणि तिकडे पोचवायचं. आईवडिलांना स्वतःला झोप लागत नसेल तर त्यांनीही तोच लावावा. लेकरू बाहेर गेल्यावर मागे राहिलेल्यांचं मन कुणी विचारत नाही.

बेळगावात बसून दुबईतल्या माणसाला गोळ्या लिहून देता येत नाहीत, हेही आधीच सांगून ठेवा. भारताचे २०२० चे टेलिमेडिसिन नियम देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू होत नाहीत, आणि तिकडची फार्मसी इकडची चिठ्ठी घेत नाही. मराठीतून बोलायला इकडचा समुपदेशक चालतो. गोळी आणि रात्रीबेरात्री लागणारी मदत यांसाठी तिकडचाच डॉक्टर पाहिजे. दोन्ही एकमेकांना माहीत असावेत.

देश वेगळा, दार वेगळं

इंग्लंडमध्ये पहिल्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घालणं सगळ्यात महत्त्वाचं. 'टॉकिंग थेरपीज' या बोलून करायच्या सरकारी उपचारासाठी जीपीची चिठ्ठीही लागत नाही, स्वतः नाव नोंदवता येतं. दुभाषी मोफत मिळतो. मागताना नुसतं 'इंडियन' म्हणू नका, 'मराठी' म्हणा, नाहीतर हिंदी येतो. तातडीला १११ लावून २ दाबायचं, नुसतं बोलायला ११६ १२३. जर्मनीत ११६ ११७ वर भेटीची वेळ मिळते, रात्री बोलायला ०८०० १११ ० १११. अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे तातडीला ९८८. अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांत कर्मचारी सहाय्य योजनेत काही भेटी मोफत असतात, आणि मालकाला कोण गेलं ते कळत नाही. तिथे एच-१बी या कामाच्या व्हिसावाल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला नाहीतर देश सोडायला ६० दिवसांपर्यंतची मुदत असते. त्या ६० दिवसांत साखळीने रोज एक फोन करावा, आणि कामाच्या ओळखी काढाव्यात. कुठल्या कंपनीत आपलं कोण आहे ही यादी इथे औषधापेक्षा उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियात तातडीला बोलायला १३ ११ १४, आणि दुभाष्यासाठी १३१ ४५०.

जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या बायकांना साखळीत स्वतंत्र नाव द्या, नवऱ्याच्या नावाखाली नको. दिवसभर एकटी, गाडी नाही, बँक खातं नाही. तिच्याशी बोलायचं ते तिच्या फोनवर, नवरा कामावर असताना.

आखातात फोनचीच अडचण. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आणि व्हॉइस नोट चालतात, पण कॉल लागत नाही. गूगल मीट, झूम, टीम्स चालतात. साप्ताहिक भेट मीटवर ठेवा, भारतात रात्री साडेनऊला: दुबईत आठ, रियाध-दोहा-कुवेतमध्ये सात, लंडनला उन्हाळ्यात पाच, न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे बारा. थंडीत लंडन आणि न्यू जर्सी तासभर मागे जातात. सिडनीत त्या वेळी मध्यरात्र उलटलेली, त्यांची भेट वेगळी लावा. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, पण सौदी, कतार, कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारची, तेव्हा रविवारी तिथला माणूस ड्यूटीवरून दमून आलेला असतो.

गोळ्या बॅगेत घालताना

झोपेच्या आणि भीतीच्या काही गोळ्या, अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम यांसारख्या, इकडे मेडिकलमधून सहज आणलेल्या असतात. अमिरातीत त्या नियंत्रित यादीत आहेत आणि नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी लागते. खोकल्याचं कोडीनवालं औषध आणि ट्रामाडॉल या दुखण्यावरच्या गोळीचंही तेच. शेजाऱ्याने "आमच्या पोराला दे" म्हणून दिलेली पुडी नेऊ नका. स्वतःच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरची इंग्रजीतली सहीशिक्क्याची चिठ्ठी, त्यावर ब्रँडचं नव्हे तर मूळ औषधाचं नाव, रोजची मात्रा, किती दिवसांच्या.

नैराश्याच्या गोळ्यांना परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी होते आणि तिथेच पुष्कळजण सोडतात. नवीन गोळी परदेशी निघायच्या आठवड्यात सुरू करू नये, महिनाभर आधी करावी. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवायची गोळी) चालू असेल तर तिकडे रक्ततपासणी कुठे होणार हे आधी ठरवा. उन्हात घाम गाळणाऱ्या कामात पाणी कमी पडलं की त्याचं प्रमाण रक्तात वाढतं आणि ते धोक्याचं असतं. बरं वाटलं म्हणून गोळी अचानक बंद करू नये. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायचं असेल तर जरूर जा, कुणी भाकणूक सांगितली तर ऐका, पण गोळी त्याच्यासाठी थांबवू नका. या वाक्याला घरची म्हातारी माणसंही मान डोलावतात. "देवदेव सोडा, डॉक्टरकडे चला" म्हटलं की मात्र दार बंद.

ती रात्र

जीव द्यायचं ठरवून बसलेला माणूस फोनवर असेल तर फोन ठेवू नका. दुसऱ्या फोनवरून तिकडच्या टोकाला निघायला सांगा. त्याचा पत्ता कागदावर आहेच: इमारत, मजला, खोली. बोलणं चालू ठेवा, उपदेश नको, "मी हितंच हाय, बोल" एवढं पुरे. जो खोलीत पोचेल त्याने गोळ्यांची पाकिटं, दोर, चाकू बाजूला करायचे आणि बाथरूमलाही एकट्याला सोडायचं नाही. काही घेतलेलं असेल किंवा जखम असेल तर आधी ॲम्ब्युलन्स: अमिरात ९९८, सौदी ९९७, कतार ९९९, कुवेत ११२, ओमान ९९९९, इंग्लंड ९९९, युरोप ११२, अमेरिका-कॅनडा ९११, ऑस्ट्रेलिया ०००. घेतलेल्या औषधाचं रिकामं पाकीट सोबत न्या.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस गंभीर ताणाखाली होता असंच धरलं जातं, शिक्षेसाठी नव्हे तर उपचारासाठी. काही आखाती देशांच्या कायद्यात मात्र प्रयत्न हा गुन्हा आहे. म्हणून जीव वाचवायला उशीर करायचा नाही, पण दवाखान्यात पोचल्या पोचल्या दूतावासाला कळवायचं आणि पोलिसांपुढे दुभाषी आणि दूतावासाचा माणूस नसताना लेखी जबाब द्यायचा नाही. घरी कुणी, काय आणि कधी सांगायचं हे घरच्या टोकाने कागदातल्या दोन ओळी बघून ठरवायचं. व्हिडिओ, फोटो, दवाखान्याचं नाव कुठल्याही ग्रुपवर जाऊ नये.

परत आणायची वेळ आली तर विमान कंपनीला डॉक्टरचं 'प्रवासाला योग्य' असं पत्र लागू शकतं, आणि सोबत एक माणूस. बेळगावला आल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टरची वेळ आधीच घेऊन ठेवा. गावच्या घरात कीटकनाशकाचे डबे कुलपात आहेत ना ते बघा. स्वागताला नातेवाइकांची गर्दी नको, "कसं काय परत आलास?" हा प्रश्न तर नकोच. घरच्या टोकाने हे आधी जाऊन सांगावं.

साखळी कुठे तुटते

पैशावरून, बहुतेक वेळा. कुणासाठी मदत गोळा करायची म्हणून ग्रुपवर बँक खातं टाकलं जातं. अमिरातीत परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा आहे, आणि टाकणारा अडकतो. मदत द्यायची तर ज्याने त्याने थेट त्या कुटुंबाला द्यावी, साखळीच्या नावाने नाही. संस्था नोंदवायची घाईही करू नका. कर्नाटकात सोसायटी नोंदवायला सात सभासद पुरतात, पण नोंद झाली की अध्यक्ष कोण यावर भांडण सुरू होतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे आले तर परदेशी देणगीचा कायदाही मागे लागतो. भारतीय पासपोर्टवाल्याच्या पैशाला तो लागत नाही.

ऐकणारा माणूस थकतो, हे दुसरं कारण. रात्रीचे फोन घेणाऱ्याची पाळी दोन आठवड्यांची ठेवा, पुढचे दोन आठवडे फोन दुसऱ्याकडे. महिन्यातून एकदा एखाद्या तज्ज्ञाबरोबर तासभर बसा आणि नावं न घेता अडलेल्या गोष्टी विचारा. कुणी गेलाच, तर ज्याच्या फोनवर शेवटचं बोलणं झालं त्याला एकटं सोडू नका. त्याच्याकडची नावं काही दिवस दुसऱ्याने घ्यावीत, आणि त्याला परत कधी घ्यायची हे त्यानेच ठरवावं.

दर तीन महिन्यांनी यादीतला एकेक नंबर स्वतः लावून बघा. बदललेले, बंद पडलेले, "रॉंग नंबर" म्हणणारे खोडा. तिकडचं टोक खोली बदलतं, कंपनी बदलतं, कायमचं परत येतं आणि कळवायला विसरतं. ज्याला सहा महिन्यांत एकही फोन गेला नाही त्यालाही एक फोन करा, आणि रविवारी दुपारचा नको, मधल्याच एखाद्या वारी, तो खोलीबाहेर एकटा असेल अशा वेळी.